चौदा क्विंटल वीस किलो

त्या माणसाचं तोंड वंगणानं काळं केलं तेव्हा मी त्याच्यापासून सहा-सात हातांवर खुर्चीत बसलेलो होतो. उठलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणी भलती आशा धरणार नाही.

कापसाच्या वाईट वर्षांतली गोष्ट आहे. पॉलिटेक्निक करून मी यवतमाळात एका दोन खोल्यांच्या कंपनीत चिकटलो होतो. मालक कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना धरमकाटे बसवून द्यायचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यावर लोखंडी प्लेट, प्लेटखाली वजन ओळखणारे सेन्सर आणि तिथून एक वायर थेट संगणकात. बाकीच्यांच्या काट्याला लाल आकड्यांचा एक वेगळा डबा असतो, त्यात वजन दिसतं. आमच्या मालकानं तो डबाच काढून टाकला होता. "कॉम्प्युटर हाये ना, मंग डबा कायले पायजे?" असं तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाला ते पटायचं. त्यामुळे खरं वजन बघायला दुसरी जागाच उरली नव्हती. संगणक सांगेल ते वजन.

आणि संगणकानं काय सांगावं ते माझ्या हातात होतं. ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही फुकटातली वापरायचो. त्या सिस्टिमला आमच्या वायरच्या टोकाची स्वस्तातली चिप ओळखता येत नव्हती. अशा वेळी सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे, एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. बाहेरच्या उपकरणाचं बोलणं तो आत पोचवतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी दीड महिना खपून लिहिला. अख्ख्या जिल्ह्यात असलं काम करणारा मी एकटाच, असं मला वाटायचं. खरंही असेल. पण त्या वाटण्यानं माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती.

कळंबच्या बाजूला एका खाजगी जिनिंगमध्ये आम्ही असा काटा बसवला. तिथे एक मापारी होते, कळंबचेच, मुसलमान, पंचावन्नच्या आसपासचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. तीस वर्षं त्यांनी दांडीच्या काट्यावर वजनं केली होती. आता त्यांना माझ्या संगणकासमोर बसवलं होतं.

चाचा स्वभावानं गोड नव्हते. पहिल्याच दिवशी, बैलगाड्यांतून कापूस घेऊन आलेले पाच-पंचवीस बंडीवाले उभे असताना, त्यांनी मला हाक मारली, "ए चष्म्या! हे डबडं तूच बनवलं काय बे?" मी हो म्हणालो. "मंग तुह्या मायले सांग, पोट्टं वाया गेलं म्हनून." सगळे हसले. खर्रा थुंकून त्यांनी माझ्याच रुमालाला हात पुसला. पुढेही मी गेलो की काहीतरी चालायचंच. कधी माझ्या पँटवर, कधी माझ्या दाढी न उगवण्यावर. मी हसून घालवायचो. आत मात्र सगळं साठवत होतो.

काटा पंधरा दिवस बरा चालला. मग अडकायला लागला. जिनिंगमध्ये कापसाची कूस, म्हणजे बारीक तंतू, सगळीकडे उडते, नाकात जाते, डोळ्यांत जाते, तशी ती वायरच्या टोकातही जायची. पडद्यावरचा प्रोग्राम गोठून बसायचा. रोज यवतमाळहून एसटीनं कोण येणार? मी चाचांना सोपा उपाय सांगितला.

"चाचा, अडकलं की टेबलाखालची ही वायर काढा. दहापर्यंत मोजा. परत लावा. चालू होते."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"मंग शिकला कायले एवढा?" ते म्हणाले. पण शिकून घेतलं. तेव्हापासून अडकलं की चाचा खुर्चीवरून उतरायचे, गुडघ्यावर हात ठेवून टेबलाखाली वाकायचे, वायर काढायचे, लावायचे. काट्याच्या केबिनला मोठी खिडकी होती. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसायचं.

त्या वर्षी रांग म्हणजे काय होती, ते सांगायला हवं. भाव पडलेले. आज खरेदी होते, उद्या बंद. लोक बंड्या घेऊन दोन-दोन, तीन-तीन दिवस रस्त्याच्या कडेला पडून असायचे. तिथेच चुली, तिथेच बैलांचा कडबा. ग्रेडर कापसात हात घालून नाक मुरडायचा, ओला आहे म्हणायचा, काडीकचरा आहे म्हणायचा, आणि बंडीवाला समोर हात जोडून उभा. कुणीही कुणावर भडकावं, अशी हवा होती.

एक दिवस आमच्या यवतमाळच्या दुकानात चाचांचा निरोप आला. मशीन सारखं तेच ते वजन दाखवून राह्यलं, येऊन पाहा. मी दोन दिवसांनी गेलो, ते पण कुरकुरत.

"पाह्य," चाचा म्हणाले. त्यांनी रजिस्टरमधल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. लागोपाठच्या दोन बंड्या, दोन्हींचं वजन अगदी सारखं. आणखी एक पान उलटलं. तिथेही तसंच. "मी वायर काढून लावली का त्याच्या मांगं असं होते. दोन-तीन बंड्या तेच वजन. मंग पुन्हा अडकते, मंग ठीक होते."

"योगायोग असेल, चाचा."

"एक डाव योगायोग. चार डाव?"

"मशीन खोटं नाही बोलत. माणूस बोलतो." हे वाक्य मी तेव्हा सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानं म्हणालो. रुमालाचा, पँटचा, दाढीचा हिशेब होता त्यात.

चाचांनी रजिस्टर मिटलं. मी त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसलो. "मी करतो आज. बघा तुम्ही."

तासभर सगळं नीट चाललं. एक बंडी झाली, चौदा क्विंटल वीस किलो. त्यानंतर पडदा गोठला. मी चाचांकडे न बघताच खुणावलं. ते वाकले, वायर काढली, लावली. पुढची बंडी प्लेटवर चढली, बैल सोडून बाजूला नेले, मी बटण दाबलं. चौदा क्विंटल वीस किलो.

मला ते दिसलं. नीट दिसलं. पण शेजारी चाचा उभे होते, आणि त्यांचं खरं निघालं असं त्यांच्यासमोर म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी वजन ओरडून सांगितलं.

तो बंडीवाला पुढे आला. चाळिशीचा, उंच, खांद्यावर दुपट्टा. त्यानं खिशातून एक पावती काढली. येताना वाटेत एका दुसऱ्या काट्यावर त्यानं बंडी मोजून घेतली होती. तिच्यावर पंधरा क्विंटल सत्तर किलो होतं.

"दीड क्विंटल कुठं गेला?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "इथून तिथं येईस्तोवर दीड क्विंटल कापूस उडून गेला काय?"

मी म्हणालो, "तो काटा चुकीचा असेल."

"तो काटा चुकीचा, अन् हे?" त्यानं खिडकीतून चाचांकडे बोट दाखवलं. "आता वाकून काय काढलं त्यानं? मी पाह्यलं. वायर काढली ना? वजनाच्या आधी वायर काढली!"

मागून दुसरा बोलला, "माह्या येळेसही काढलती." तिसरा बोलला, "रोजच काढते तो." मग कुणाचं काय ते कळेना. दार ढकललं गेलं आणि चाचांना गळ्याला धरून बाहेर ओढलं.

चाचा ओरडत होते, "अरे, या पोट्ट्यानं सांगितलं! विचारा त्याले! इंजिनीअरनं सांगितलं वायर काढाले!"

सगळे माझ्याकडे वळले. दुपट्टेवाला खिडकीत आला. त्यानं अगदी सरळ विचारलं. "भाऊ, तुम्ही सांगितलतं काय?"

मला वाटलं होतं विचार करायला वेळ मिळेल. मिळाला नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी कशाला सांगू? वायरला हात लावायचाच नसतो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला, खरं लिहायचं तर, त्या क्षणी बरं वाटलं. फार थोडा वेळ. पण वाटलं.

मग ते झालं. बंडीच्या आसाला लावायचं काळं वंगण कुणीतरी डब्यातून ओंजळीनं काढलं आणि त्यांच्या तोंडाला फासलं. दाढीत, डोळ्यांत. मागून एकानं त्यांच्या धर्मावरून शिवी हासडली, ती मी इथे लिहीत नाही. जिनिंगचा मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर उभा राहून बघत होता. तो खाली उतरला नाही. लोकांचा राग एका मापाऱ्यावर निघतोय, जिनिंगवर नाही, हे त्याला सोयीचंच होतं.

कुणीतरी म्हणालं, "याचंच वजन करा! लोकायचा कापूस खाऊन किती भरला पाहू!"

त्यावर सगळे हसले. चाचांना ढकलत प्लेटवर नेऊन एकटं उभं केलं. मोठी प्लेट, बंडी मावेल एवढी, आणि मधोमध तो काळ्या तोंडाचा माणूस, एक चप्पल निघालेली.

"दाबा भाऊ बटन!"

मी बटण दाबलं.

पडद्यावर आलं, चौदा क्विंटल वीस किलो.

पडद्याचं तोंड माझ्याकडे होतं. बाहेरून कुणाला तो दिसत नव्हता. एका माणसाचं वजन चौदा क्विंटल वीस किलो. एवढा पुरावा जगात कुणाला मिळत नसेल. पडदा नुसता खिडकीकडे वळवायचा होता. मनगट फिरवण्याएवढं काम.

"किती?" दुपट्टेवाल्यानं विचारलं.

"बासष्ट किलो," मी म्हणालो.

मोठा हशा झाला. आणि लगेच एकाच्या डोक्यात आलं, तो ओरडला, "पाह्य! वायरीवरचा हात काढला तं बरोबर सांगते मशीन!" त्या वाक्यानं शेवटची शंकाही गेली. मी पावती छापली नाही. आकडा पडद्यावरून पुसला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

बाहेर त्यांनी चाचांचा उजवा हात प्लेटच्या कडेवर धरला. वायर काढणारा हात हाच ना, असं विचारून एकानं त्यावर बुटाची टाच दिली. आवाज मला ऐकू आला. चाचांचा नाही, बोटांचा.

संगणक चालू झाल्यावर मी उरलेल्या बंड्यांची वजनं केली. ती सगळी बरोबर होती.

दुपारच्या एसटीनं मी यवतमाळला आलो आणि दुकानात बसून माझाच ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचला. चूक सापडायला अर्धा तास लागला. संगणकात कुठल्याही कामासाठी मेमरीतली थोडी जागा मागून घ्यावी लागते, आणि काम झालं की परत द्यावी लागते. वायर निघाली की माझा ड्रायव्हर वजनाची जागा परत देत होता. ते बरोबर होतं. पण पडद्यावरचा प्रोग्राम त्यानंतरही वजनासाठी त्याच जागेकडे बघत राहायचा, आणि त्याला अडवणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. परत दिलेली जागा लगेच कुणी पुसत नाही. दुसरं कुणी ती घेईपर्यंत शेवटचा आकडा तिथे तसाच पडलेला असतो. म्हणून पुढच्या बंडीला मागच्या बंडीचं वजन. दुसऱ्या कुणी जागा घेतली की तिथे भलतंच काही यायचं, आणि मशीन गोठायचं.

म्हणजे चाचांनी रजिस्टरवर बोट ठेवून सांगितलं होतं ते शब्दश: खरं होतं. आणि चूक जागी करणारा उपाय मी स्वत: त्यांना शिकवला होता.

चार ओळींत दुरुस्ती झाली.

मी मालकाला सांगितलं. वजनातली चूक सांगितली, नंतर चाचांचंही सांगितलं. बासष्ट किलोचं सांगितलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. "दुरुस्त झालं ना? मंग सगळ्या काट्यायवर नवीन टाकून ये. स्पीड वाढवली म्हन. अन् कळंबले आता तू जाऊ नको, दुसऱ्याले पाठवतो."

"पण त्या माणसाला कामावरून काढलं त्यांनी."

"दुसरा मापारी भेटते त्याइले," मालक म्हणाला. त्याला वाटलं मी जिनिंगची काळजी करतोय.

मी आठवडाभर वणी, राळेगाव, घाटंजी फिरलो. प्रत्येक जिनिंगमध्ये म्हणालो, स्पीड वाढवली. सगळीकडे मला चहा मिळाला.

दोन वर्षांनी पुण्यात एका मोठ्या कंपनीची मुलाखत होती. त्यांनी विचारलं, परत दिलेली मेमरी वापरली गेली तर काय होतं? याला त्या धंद्यात 'यूज आफ्टर फ्री' म्हणतात. उपकरण सांभाळणाऱ्या कर्नलच्या कोडमध्ये ही चूक सगळ्यांत घातक. एखादा पाजी माणूस मुद्दाम बनवलेलं उपकरण जोडून, काढून, पुन्हा जोडून त्या रिकाम्या जागेत स्वत:ला हवं ते भरू शकतो, आणि मग अख्खं मशीन त्याचं. मी इतकं सविस्तर उत्तर दिलं की समोरचे तिघं लिहून घ्यायला लागले. मी काट्याचं उदाहरणही दिलं. माणूस वगळून. नोकरी लागली. दुसऱ्यांच्या ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच चूक शोधणं, हे पुढे कितीतरी वर्षं माझं काम होतं, आणि मी त्यात चांगला होतो.

कळंबला परत गेलो ते खूप नंतर. सासुरवाडीची मंडळी चिंतामणीच्या दर्शनाला आली होती. त्यांना देवळात सोडलं आणि विचारत विचारत चाचांचं घर गाठलं. ते मुलीकडे राहत होते. जावयाचं पंक्चरचं दुकान, आणि दुकानामागे दोन खोल्या. चाचा खाटेवर बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली. त्यांनी मला दारातच ओळखलं.

"काय चष्म्या. जित्ता हायेस अजून?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मेमरीचं त्यांना कळेल तसं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मले उभं केलतं तवा काय दिसत होतं तुले?"

"चौदा क्विंटल वीस किलो."

"अन् तू बासष्ट म्हन्लास. बासष्ट कुठून आनलं?"

"अंदाजानं."

"बरोबर होता अंदाज. मापारी झाला असतास." ते हसले नाहीत. "तुले मालूम हाये, त्याच्या मांगून एकाही जिनमंदी मले उभं नाही केलं कोणं? माही बायको मेली तवा चार मान्सं होते मातीले. चार."

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी वाकडा हात वर केला. "मले कायले सांगतो? मले तं मालूमच होतं. चाल बाहेर. चारचौघांत सांग."

दुकानासमोर चहाच्या टपरीवर पाच-सहा जण बसले होते. जावई टायर उतरवत होता. चाचा भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हे साहेब काय म्हन्ते ते आयका." मी सांगितलं. पुण्यात खोलीभर इंजिनीअरांना समजावणारा मी, तिथे अडखळत होतो. तरुण दोघांना कुठला काटा तेच माहीत नव्हतं. एक म्हातारा मात्र खूश झाला. "हाव, हाव! आठवलं. वायर काढे तो मापारी! तोंड काळं केलतं. ते तुम्हीच काय चाचा?" दुसरा म्हणाला, "म्हंजे मशीनमंदी खराबी होती, अन् वायर काढली का ते कमी दाखवे. असंच ना साहेब? मंग वायर तं यायनंच काढली ना." मी पुन्हा समजावलं. तो मान हलवत राहिला. तिसऱ्यानं मला विचारलं, "कंपनीनं पाठवलं काय तुम्हाले?"

जावयानं हातातली पट्टी खाली ठेवली होती. तो दूरच्या गावचा, लग्न त्या घटनेनंतरचं. "अब्बा," तो म्हणाला, "हे कवा झालतं? मले कोनंच सांगितलं नाही."

चाचा माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "गलती माही. मीच म्हन्लं बाहेर चाल." आणि भिंत धरत धरत आत गेले.

मी निघालो. वळणापर्यंत पोचलो तेवढ्यात जावई मागून आला. हात टायरच्या मळानं भरलेले, ते तो पँटला पुसत होता.

"साहेब, एक खरं सांगा. त्यायनं कोनाकडून काही घेतलं-बिघेतलं नव्हतं ना?"

"नाही. काहीच नाही. सगळी चूक माझी होती."

"पक्कं?"

"पक्कं."

"तुम्ही तवा एक बोल्ले," तो म्हणाला, "अन् आता एक बोलून राह्यले." आणि दुकानाकडे परत गेला.